अण्णांच्या बीएसएचं हँडल खोलताना

पुढच्या ब्रेकच्या वायरीत एकोणीस तारा होत्या, भिंग घेऊन मोजल्या मी, आणि त्यातल्या धड राहिलेल्या फक्त चार. बाकीच्या पंधरा निपलच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या पितळी गोळीच्या, अगदी मुळाशी तुटून बाभळीच्या काट्यासारख्या बाहेर आलेल्या. आणि बाहेरून यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं, अंगणात मोटरसायकल ढकलत फिरवताना लिव्हर दाबला की चाक थांबत होतं, त्यामुळे गेल्या दिवाळीपासून मी घरात सगळ्यांना सांगत होतो की पुढचा ब्रेक चांगलाय, मागचा तेवढा बघावा लागेल. त्या चार तारांवर मी कसारा घाट उतरायचे बेत करत होतो. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

गाडी बीएसए एम२०. अण्णांची, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी, म्हणूनच त्यांच्या जुन्या खुणेत तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात. एम२० आली १९३७ ला, ४९६ सीसी, एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, व्हॅल पेज नावाच्या इंजिनिअरचं डिझाइन. वेगाची गाडी नाही ही, पण चिवट, आणि महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. आमची त्यातलीच, लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेली, अण्णांनी ती देवळाली कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली असं घरात सांगतात. अण्णा गेल्यावर ती नाशिकच्या पंचवटीतल्या वाड्याच्या ओसरीवर ताडपत्रीखाली उभी होती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा दुतोंड्या मारुतीच्या (पुराची खूण मानल्या जाणाऱ्या मूर्तीच्या) कुठवर पाणी चढलं हे लोक एकमेकांना फोनवर सांगत होते आणि इकडे आमच्या ओसरीवर गाडीची दोन्ही चाकं निम्म्याच्या वर पाण्यात होती. त्याचं पुढे येईलच.

तर या उन्हाळ्यात ठरवलं की आधी हँडल. इंजिनाला हात लावायचाच नाही, कारण इंजिन चालू झालं की माणसाचा धीर सुटतो आणि मग तो ब्रेक न बघता गाडी रस्त्यावर काढतो. हँडलवरचे सगळे लिव्हर, सगळ्या केबली, पुढचा ब्रेक, मागचा रॉड, हे आधी. पोरीला सुट्टी होती, ती आठवीत गेलीये, तिला म्हटलं टॉर्च धर आणि फोटो काढ. तिनं फोटो तर काढलेच पण प्रत्येक केबलला कापडी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर पेननं लिहिलं, कुठून निघते, कुठे जाते, फोर्कच्या कुठल्या बाजूनं जाते, दिव्याच्या पुढून का मागून. हे माझ्याकडून झालं नसतं, आणि नंतर जे काही नीट बसलं ते त्या पट्ट्यांमुळे बसलं. जुनी केबल कितीही सडलेली असली तरी ती काढताना ओढून काढू नका. ती कुठून कशी वळलीये हाच नकाशा आहे, आणि या गाडीला पुढे गर्डर फोर्क आहे, म्हणजे हँडल नुसतं डावी-उजवीकडे वळत नाही तर खालची सगळी चौकट वर-खालीही होते, केबल जरा चुकीच्या वाटेनं गेली की खड्ड्यात चाक वर आल्यावर आपोआप ताणली जाते.

आता पाने. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण जुन्या विलायती गाड्यांची निम्मी वाट चुकीच्या पान्यांनी लागलेली असते. आपल्याकडे सगळे मिलिमीटरचे पाने. या गाडीवर व्हिटवर्थच्या मापाचे नट. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ ला आट्यांचं माप ठरवून दिलं, आणि त्याच्या पान्यावर जो आकडा लिहिलेला असतो ना, पाव इंच वगैरे, ते पान्याच्या तोंडाचं माप नाही, ते आतल्या बोल्टच्या जाडीचं माप. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. आता बघा, १३ चा पाना त्यावर चढतच नाही आणि १४ चा ढिला बसतो, मग गॅरेजवाला १४ चा लावतो, जोर देतो, नटाचे कोपरे जातात, मग पुढचा माणूस त्यावर पाइप पाना लावतो, आणि चार माणसांनंतर तो नट वाटाण्यासारखा गोल झालेला असतो. ३/१६ वाला ११.३ चा, तिथेही तीच कथा, ११ जात नाही आणि १२ फिरतो. मी भद्रकालीत जुन्या हत्यारांच्या ढिगातून तीन व्हिटवर्थ पाने शोधून काढले, गंजलेले होते, रात्रभर रॉकेलमध्ये ठेवले, सकाळी तारेच्या ब्रशनं घासले आणि त्या दिवशी पहिल्यांदा या गाडीचा नट पान्यात असा बसला की हाताला कळलं, हेच माप.

आट्यांचंही तसंच. हँडलवरच्या बारीक बोल्टांना बऱ्याच ठिकाणी सायकल थ्रेड आहे, इंचाला २६ आटे. आपला साधा एम६ बोल्ट इंचाला २५.४ आट्यांचा, त्यामुळे पाव इंची सायकल थ्रेडच्या भोकात तो छान फिरत आत जातो आणि माणसाला वाटतं बसला. पण तो ६ मिलिमीटर जाड आणि भोक ६.३५ वाल्याचं. नुसत्या आट्यांच्या टोकांना धरून असतो तो, जरा कसला की आटे सोलून हातात येतो. क्लचच्या लिव्हरच्या क्लॅम्पमधून मी असाच एक एम६ काढला, आणि तो काढताना आतल्या आट्यांचा भुगा बोल्टच्या अंगावर चिकटून आला. कोणी कधी लावला असेल काय माहीत. घाईत लावला एवढं मात्र नक्की.

डावीकडून सुरुवात केली. डावीकडे क्लच, त्याच्या खाली डीकॉम्प्रेसरचा (किक हलकी जावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारा) छोटा लिव्हर, आणि मॅग्नेटोच्या, म्हणजे स्पार्कसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, स्पार्कची वेळ मागे-पुढे करायचा लिव्हर. आजच्या गाड्या चालवणाऱ्या पोरांना हा शेवटचा लिव्हर समजावून सांगताना मजा येते, की बाबा किक मारताना स्पार्क उशिरा पाडायचा नाहीतर किक उलटी येऊन पायाची नडगी फोडते, आणि गाडीनं वेग धरला की तोच स्पार्क लवकर पाडायचा, आणि हे सगळं चालवणाऱ्यानं अंगठ्यानं करायचं. हा लिव्हर काढण्याआधी एक गोष्ट करा. काही मॅग्नेटोंमध्ये वायर ओढली की स्पार्क लवकर होतो, काहींमध्ये ओढली की उशिरा. उघडून झाल्यावर हे आठवत नाही. मी लिव्हरच्या वरच्या चकतीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन ठेवला, पोरीनं त्याचा फोटो काढला, मगच स्क्रूला हात लावला. आत एक वळलेली स्प्रिंग वॉशर असते, तीच लिव्हरला जागच्या जागी धरून ठेवते, ती उडून कोपऱ्यात गेली तर बाजारात मिळणार नाही, म्हणून खाली पांढरा पंचा अंथरून बसा.

क्लचची केबल, डीकॉम्प्रेसरची केबल, उजवीकडची रेसची मूठ, हवेचा म्हणजे चोकचा लिव्हर, हे सगळं दोन रविवारांत निघालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मुठीचं रबर मात्र दगड झालेलं, ते शेवटी ब्लेडनं उभं चिरून काढावं लागलं.

मग पुढच्या ब्रेकचा लिव्हर.

हा लिव्हर वाकडा आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. सरळ लिव्हरचं टोक मुठीपासून बऱ्यापैकी लांब असतं, ह्याचं मधूनच आत वळलेलं, मी मोजलं तर टोकापाशी सव्वादोन इंच अंतर. दुसरी गोष्ट, केबलला खेळ अजिबात नाही. साधारण नियम असा की लिव्हरला थोडा मोकळा खेळ ठेवायचा, ब्रेक लागायच्या आधी दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे ब्रेकचे शू, आतून दाबणारे दोन अर्धगोल, चाकाच्या ड्रमला उगाच घासत नाहीत. इथे शून्य, वायर वीणेच्या तारेसारखी ताठ. तिसरं म्हणजे लिव्हरच्या क्लॅम्पखाली पत्र्याची एक पट्टी घातलेली, कात्रीनं कापलेली, कडा बोथट केलेल्या, आणि त्यामुळे अख्खा लिव्हर हँडलवर नेहमीपेक्षा आतल्या बाजूला सरकवून घट्ट बसवलेला. मी या तिन्ही गोष्टींची वहीत नोंद करताना वर मथळा लिहिला, 'चुका'. गाडी कधीतरी उजव्या अंगावर पडली असणार, लिव्हर वाकला असणार, मग कोणीतरी ॲडजस्टर कसून वेळ मारून नेली असणार, असं माझं अगदी पक्कं झालेलं.

लिव्हर पोलादी आहे, ओतीव नाही, म्हणजे तापवून सरळ करता येतो. ॲल्युमिनियमचा ओतीव लिव्हर कधीही सरळ करायला जाऊ नका, तो तिथेच मोडतो किंवा आतून चिरतो आणि मग भर घाटात मोडतो. तर मी लिव्हर व्हाइसमध्ये धरला, जबड्यांना पितळी पट्ट्या लावल्या, गॅसची बत्ती पेटवली. काकू तेव्हा ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी बत्तीचा आवाज ऐकून मान वर केली आणि म्हणाल्या, "काय रे, ते कशाला तापवतोयस?"

म्हटलं, "काकू, वाकलाय हा, सरळ करतोय."

"अरे वाकला नाहीये तो. ह्यांनी मुद्दाम वाकवून आणलेला. ह्यांचा हात कुठे पुरायचा तिथपर्यंत?"

मी बत्ती बंद केली.

अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. लहानपणी गावी उसाच्या चरकात गेलेली. मी त्यांच्या मांडीवर खेळलेलो आहे, त्या हातानं त्यांनी मला पतंग उडवायला शिकवलं, मला ती बोटं पाठ आहेत. आणि तरीही हातात लिव्हर धरून, अंतर मोजून, वहीत सव्वादोन इंच लिहूनसुद्धा माझ्या डोक्यात ते आलं नाही. काकूंनी मग सगळं सांगितलं, की गाडी घेतली तेव्हा अण्णांना पुढचा ब्रेक धड दाबताच यायचा नाही, नुसत्या मागच्या ब्रेकवर चालवायचे, आणि एकदा वणीच्या गडाच्या उतारावर एक बैलगाडी आडवी आली तेव्हा ते थोडक्यात वाचले. त्यानंतर ते लोहाराकडे जाऊन बसले, तीन वेळा तापवून तीन वेळा हातात धरून बघितला, तेव्हा कुठे त्यांच्या मनासारखा झाला.

मग सगळं एका ओळीत लागलं. लिव्हर आत वळवला म्हणजे दाबायला जागा कमी उरली, जागा कमी उरली म्हणजे मोकळा खेळ ठेवून चालणार नाही, लिव्हर हलला की ब्रेक लागलाच पाहिजे नाहीतर तो मुठीला जाऊन टेकणार. म्हणून वायर ताठ. आणि पत्र्याची पट्टी घालून लिव्हर आत सरकवला कारण उरलेली बोटं लिव्हरच्या टोकाला पडली पाहिजेत, टोकाला दाबलं की जोर जास्त मिळतो. मी ज्याला तीन चुका म्हणून लिहिलं ते एका माणसानं आपल्या हातासाठी बसवलेलं एकच गणित होतं. वहीतला तो मथळा मी खोडला. पत्र्याची पट्टी साफ केली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला फिकट पिवळ्या रंगाचे छापील ठिपके दिसले, कुठल्यातरी डब्याचा पत्रा, तुपाचा किंवा बिस्किटाचा, अक्षर एकही शिल्लक नव्हतं.

यातली एकच गोष्ट मात्र खरंच बिघडलेली, ती वायर. लिव्हरच्या भोकात जी पितळी गोळी बसते, निपल, ती लिव्हर दाबताना त्या भोकात किंचित फिरली पाहिजे. फिरली की वायर सरळ राहते. इथे ग्रीस सुकून, वर पुराचा गाळ बसून, गंज चढून निपल भोकात चिकटून बसलेलं. निपल फिरत नाही म्हणजे मग दर वेळी वायरच वाकणार, निपलच्या मुळाशी, त्याच एका जागी. तुम्ही खिळा हातानं पुढे-मागे वाकवून तोडता ना, तसं. एक एक तार गेली. क्लचच्या निपलला ग्रीस होतं तर तिथली वायर जुनी असूनही शाबूत. महिन्यातून एकदा लिव्हरच्या दोन्ही निपलांवर बोटभर ग्रीस लावायला एक मिनिट लागतं हो, आपण टाकी चकाकवत बसतो.

नवी केबल आधी विकत घेतली. तयार, 'ब्रिटिश गाड्यांसाठी' म्हणून विकली जाणारी, दुकानाचं नाव लिहीत नाही. दिसायला सुंदर. गाडीला लावण्याआधी मी व्हाइसमध्ये एक निपल धरलं आणि दुसऱ्या टोकाला पहार अडकवून अंगाचा भार टाकला, तर निपल वायरीवरून सरळ निसटून खाली पडलं, टण्णकन. आत बघितलं तर वायरचं टोक न पसरवता नुसतं घालून वरून डागाचा, म्हणजे सोल्डरचा, एक थेंब सोडलेला. राग आला, फार राग आला, कारण हे सजावटीचं सामान नाहीये, या एका गोळीवर माणूस थांबतो किंवा थांबत नाही.

मग ठरवलं की केबल आपणच करायची. आणि यासाठी नाशिककरांना लांब जायची गरज नाही, आपल्याकडे भांडी बाजार आहे. आपल्या गावाची तांब्या-पितळेची कला पिढ्यान्‌पिढ्यांची, तांबट लोकांच्या हातोड्यांचा आवाज ऐकत आम्ही शाळेत गेलोय. तिथे एक काका आहेत, सत्तरीच्या पुढचे, अजून कल्हई करतात, लहानसहान डागकामही करतात. त्यांना तुटकी वायर आणि नवी पितळी निपलं दाखवली, निपलं मी अंबडच्या लेथवरून बनवून आणलेली. त्यांनी वायर दोन बोटांत फिरवली आणि पहिलं वाक्य बोलले, "आधी धुवून आण. तेलकटाला कथील धरत नाही."

धुतली, पेट्रोलमध्ये, दोनदा. नवी वायर कापताना एक युक्ती आहे, जिथे कापायची तिथे आधी डाग पाजायचा आणि मग कापायची, म्हणजे तारा उसवत नाहीत. त्यानंतर आउटर (बाहेरची नळी), टोप्या आणि निपल हे सगळं वायरमध्ये आधी ओवून घ्यायचं, दुसऱ्या टोकाचं निपल बसल्यावर काहीच ओवता येत नाही. मग वायरचं टोक निपलच्या वर दोन-तीन मिलिमीटर बाहेर काढायचं आणि त्याच्या तारा फुलासारख्या उलगडायच्या. काकांनी हे काम एका जाड दाभणानं केलं, मधोमध दाभण रोवून हलकेच गोल फिरवलं, आणि एकोणीस तारा सगळ्या बाजूंना सारख्या उलगडल्या, शेवंतीचं फूल असतं ना, अगदी तसं. निपलच्या वरच्या तोंडाला खोलगट वाटी असते, हे फूल त्या वाटीत ओढून बसवायचं. आता वायर ओढली तरी फूल वाटीतून खाली जाऊच शकत नाही, डाग फक्त त्याला जागेवर धरतो, खरा भार फुलाचा. दुकानातल्या केबलीत हेच केलेलं नव्हतं.

डागासाठी मी साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असलेलं सोल्डर नेलेलं, ते १८३ अंशांना वितळायला लागतं. काकांची कल्हईची सवय शुद्ध कथलाची, ते २३२ ला वितळतं, दोन्हीनं काम होतं पण कमी तापमान वायरला बरं. पोलादी वायर जास्त तापवली की तिचा ताठपणा जातो आणि ती मऊ पडते, म्हणून इथे पितळी जोड किंवा चांदीचा जोड चालत नाही. काकांनी छोट्या वाटीत डाग वितळवला, निपल उलटं करून त्यात बुडवलं, तीन-चार आकडे मोजले आणि बाहेर काढलं. बुडवताना निपलच्या मागची वायर त्यांनी ओल्या फडक्यात धरलेली. का, तर डाग वायरमध्ये वर चढू नये. चढला की तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि जिथे कडक संपतं आणि मऊ सुरू होतं तिथे वायर मोडते. हे मी वाचलेलं होतं, पण त्यांनी मला न विचारता फडकं ओलं करून घेतलं तेव्हा मी गप्प उभा राहिलो. नवसागर वापरला होता म्हणून नंतर गरम पाण्यानं दोन्ही टोकं खळखळून धुवायला सांगितली, राहिला तर आतून खातो. पैसे विचारले तर चहा सांगायला लावला, आणि तोही स्वतः देऊ लागले, मी जबरदस्तीनं दिले.

घरी येऊन पुन्हा तीच परीक्षा, व्हाइस, पहार, अंगाचा भार. पोरीनं पण लटकून बघितलं. हललं नाही.

आउटरबद्दल थोडं, कारण सगळे लोक आतल्या वायरकडेच बघतात. ही केबलची कल्पना, आत ओढली जाणारी वायर आणि बाहेर वळलेल्या तारेची नळी, बोडेन नावाच्या माणसानं १८९६ ला पेटंट केली, आणि त्यात कामाचा भाग निम्मा आउटरचा आहे. आतली वायर ओढताना आउटर तितक्याच जोरानं दाबलं जातं. ते जर दबून आखूड झालं तर तुमच्या हाताचा जोर तिथेच संपला, लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि आपण ब्रेक शूंना दोष देत बसतो. म्हणून आउटरचं कापलेलं टोक कानशीनं अगदी सपाट करायचं, आतला बुरा दाभणानं काढायचा, आणि टोपी घट्ट बसलीये ना बघायचं. शेवटी आउटर उभं टांगून वरच्या टोकाला प्लॅस्टिकचा कागद शंकूसारखा बांधून त्यात पातळ तेल ओतून रात्रभर ठेवायचं. सकाळी खालच्या टोकातून तेल ठिबकलं की काम झालं.

पुढचं चाक काढलं तेव्हा ड्रममध्ये गोदावरीचा गाळ निघाला. खरंच, चांगला मूठभर, वाळून ढेपाळलेला, हाताला बारीक रेशमासारखा. अण्णांनी शू ड्रमला इतके जवळ ठेवलेले असूनही लायनिंग बऱ्यापैकी शिल्लक होतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायचं नाही, तोंडानं फुंकायचं तर त्याहून नाही. मी पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसून काढलं, फडकी पिशवीत बांधून वेगळी ठेवली, पोरीला तेवढा वेळ आत पाठवलं. शू पसरवणारा कॅम साफ करून त्याला अगदी नखभर ग्रीस. जास्त लावलं तर ते तापून शूंवर उतरतं.

आता लिव्हरचं काय करायचं. यावर मी आठवडाभर विचार केला. अण्णांचा लिव्हर माझ्या हाताला बसवून बघितला, माझी बोटं पूर्ण आहेत, आणि त्यांच्या मापानं करंगळीपाशी लिव्हर मुठीला टेकतो, मधे माझीच दोन बोटं चिमटतात आणि ब्रेक अर्धाच लागतो. शिवाय तो तीन वेळा तापवलेला. मला तो काढायचा नव्हता. पण घाटात पुढच्या ब्रेकला भावनेवर सोडता येत नाही. काकूंना विचारलं, त्यांनी लिव्हर हातात घेतला, अंगठ्यानं त्या वळणावरून दोन-तीनदा फिरवला आणि म्हणाल्या, "हात आता तुझा आहे. तुझ्या हाताचं बसव."

मग पोलादी सरळ लिव्हर मिळवला. घेताना पिव्हटच्या बोल्टपासून निपलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून घ्या. हे लिव्हर दोन मापांत येतात, ७/८ इंच आणि १ १/१६ इंच. लहान मापाच्या लिव्हरमध्ये जोर जास्त पण वायर कमी ओढली जाते, मोठ्या मापात उलट, आणि बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात. जुन्याचंच माप घेतलं, ७/८. पत्र्याची पट्टी मी तशीच ठेवली, तिची आता गरज नाही पण क्लॅम्प तिच्यावर छान पकडतो आणि हँडलचा क्रोमही वाचतो. अण्णांचा लिव्हर घासलेटात धुवून, तेल लावून काकूंच्या हवाली केला, त्यांनी तो देवघराच्या खालच्या फळीत ठेवलाय, जिथे अण्णांचा चष्मा आहे.

बसवल्यावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून बघितलं, फोर्क दाबून बघितला, कुठेही केबल ताणली जात नाही. लिव्हरला तीन मिलिमीटर खेळ ठेवला. चाक जोरात फिरवून दोन बोटांनी लिव्हर दाबला, जागच्या जागी थांबलं. पोरगी म्हणाली परत, मग परत, असं बहुतेक दहा वेळा केलं असेल.

मागच्या ब्रेकचा रॉड काढून ठेवलाय. त्याच्या पुढच्या टोकाच्या पिनचं भोक घासून लंबगोल झालंय, पायाखाली पेडल अर्धा इंच उगाच जातं. भोक मोठं करून आत पितळी बुश बसवायचंय, अंबडचे लेथवाले मंगळवारी ये म्हणालेत, पिन सोबत आण असंही म्हणालेत, कारण मिलिमीटरची पिन त्यात बसणार नाही हे त्यांना आता न सांगता कळतं.